हळहळ आणि अनुताप

कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी पांगू लागतात, आणि तेव्हा कोणीतरी एक जण मागे रेंगाळतो. पखवाज गवसणीत जाईपर्यंत थांबतो. मग जवळ येऊन हळूच म्हणतो, "महाराज, एक विचारू का?" हा मागे राहणारा माणूस आम्हांस गावोगाव भेटला आहे. त्याचा प्रश्न मायेविषयी नसतो, ब्रह्माविषयी नसतो. तो म्हणतो, "झालं गेलं विसरून जा म्हणतात सगळे. पण ते मनातून जात नाही. त्याचं काय करावं?" कोणी बापाशी शेवटची दोन वर्षे बोललेला नसतो. कोणी पोरीची शाळा अर्ध्यावर सोडवून तिला उजवलेली असते. कोणी दहा वर्षे बाटलीत घालविलेली असतात, कोणी भावाच्या वाटणीत हात मारलेला असतो. गोष्टी निराळ्या, प्रश्न तोच.

"देव कृपाळू आहे, तो सर्व क्षमा करतो, जा" असे सांगून त्याला वाटेला लावणे सोपे आहे. ते खोटेही नाही. परंतु तेवढ्याने तो घरी जाऊन झोपत नाही, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून, वाचक सज्जनहो, या विषयाचा थोडा विचार येथे करू.

तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्मानंदवल्लीच्या शेवटी ज्ञानी पुरुषाचे वर्णन आले आहे. मी चांगले का केले नाही आणि मी पाप का केले, हे दोन विचार त्याला तापवीत नाहीत, असे श्रुती सांगते. पाठशाळेत संथा घेणारा मुलगा हे वाक्य घडाघडा म्हणतो. त्यातल्या क्रमाचे मर्म मात्र केस पांढरे झाल्यावर कळते. श्रुतीने न केलेले चांगले आधी घेतले आणि केलेले वाईट मागाहून. म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. केलेल्या वाइटाला एक दिवस असतो, एक जागा असते, ते बोटाने दाखविता येते. न केलेल्या चांगल्याला तिथी नाही. ते रोजच करायचे राहिलेले असते, म्हणून रोजच टोचते.

आणखी एक. हे विचार तापवीत नाहीत असे दोघेच. एक ज्ञानी, दुसरा निगरगट्ट. आपण ज्ञानी नाही, आणि निगरगट्ट व्हावे अशी कोणाची इच्छा नसावी. तेव्हा मधल्या सर्वांना ताप होणारच. त्या तापाचे काय करायचे एवढाच प्रश्न उरतो.

'अनुताप' शब्दातला 'अनु' म्हणजे मागून, पाठोपाठ. कर्मामागून येणारा ताप तो अनुताप. आता विस्तव चुलीत असला तर भाकरी भाजतो आणि तोच छपराला लागला तर घर जाळतो. विस्तवात फरक नाही, जागेत आहे. छपराला लागलेल्या तापाला आम्ही हळहळ म्हणतो.

दोन्ही ओळखायचे कसे? बोलण्यावरून ओळखावे. हळहळणाऱ्याचे प्रत्येक वाक्य 'तर'ला येऊन अडते. "तेव्हा गेलो असतो तर...", "तेव्हा गप्प बसलो असतो तर..." जी क्रिया घडायची ती घडलीच नाही, असे सांगण्यासाठी पाणिनींनी एक आख्खा लकार ठेवला आहे, लृङ्. त्याला क्रियातिपत्ती म्हणतात. व्याकरणात त्याचे काम थोडे, दहा पानांत एखादे वेळी तो भेटावा. पण हळहळणारा माणूस सगळे आयुष्य लृङ् लकारात काढतो! अनुतापाचे वाक्य निराळे. त्यात 'आता' हा शब्द असतो आणि क्रियापद लोट् लकाराचे, उत्तम पुरुषाचे असते: करवाणि, मी करू दे. व्याकरण शिकविणारे गुरुजी असे बोलल्यावर हसतील, हसोत बापडे.

धर्मशास्त्रानेही हा भेद जाणला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. म्हणजे शास्त्राचा तिसरा हिस्सा चुकलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला आहे. लोकांना प्रायश्चित्त म्हटले की गोमूत्र आणि दक्षिणा एवढेच आठवते, हा आमच्या पुरोहितवर्गाचाही दोष आहे. परंतु जुनी व्युत्पत्ती अशी की 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय. निश्चयासहित जे तप ते प्रायश्चित्त. मनूच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीचे उपाय सांगताना उघड बोलून दाखविणे, पस्तावणे, तप, अध्ययन आणि अडचणीत असेल त्याने दान असे सांगितले आहे. आणि पुढे, पुन्हा असे करणार नाही म्हणून निवृत्त होणे आवश्यक मानले आहे. पस्तावणे ही या यादीतली एकच बाब आहे. नुसत्या डोळ्यांतल्या पाण्यावर शास्त्र पावती देत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट घेऊ. पंढरपूर हे क्षेत्र कशावर उभे आहे? एका मुलाच्या अनुतापावर. पुंडलिकाची कथा सर्वांस ठाऊक आहे, पाठभेद थोडेफार आहेत. आईबापांना छळणारा, त्यांना हाल काढीत काशीच्या वाटेला नेणारा मुलगा कुक्कुटमुनींच्या आश्रमात येतो. पहाटे मळक्या वस्त्रांच्या स्त्रिया आत जाताना आणि शुभ्र होऊन बाहेर पडताना पाहतो. त्या गंगा, यमुना, सरस्वती असतात आणि ज्याने काशी पाहिलीसुद्धा नाही अशा मातापितृभक्त मुनीच्या सेवेने स्वच्छ होत असतात. पुंडलिकाला धक्का बसतो. येथपर्यंत कथेकरी रंगवून सांगतात. पण यानंतर त्याने काय केले ते पाहा. तो मुनींच्या पायाशी रडत बसला नाही. राहिलेली काशीयात्राही त्याने केली नाही. आईबापांना घेऊन माघारी फिरला आणि पाय चेपायला बसला. ज्यांचे देणे होते त्यांनाच, ज्या हातांनी छळले त्याच हातांनी.

पुढे देव दारात आला, तरी पुंडलिक उठला नाही. वीट फेकली आणि थांबायला सांगितले. आम्ही कीर्तनात येथे भक्तीचा महिमा सांगतो आणि तो योग्यच आहे. पण अनुतापाच्या बाजूने पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. देव आला म्हणजे क्षमा आलीच की! आता उठून दर्शन घ्यायला काय हरकत होती? पण याला क्षमेची घाई नव्हती, हाती घेतलेल्या कामाची होती. क्षमा विटेवर उभी राहून वाट पाहू शकत होती. म्हाताऱ्यांचे पाय दुखत होते.

मग असे म्हणाल की पुंडलिकाचे आईबाप जिवंत तरी होते. ज्याचे सगळेच गेले त्याने काय करावे? त्यासाठी नाथबाबांकडे जाऊ. नाथमहाराजांनी एकादश स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पुरी केली. तिच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीनगरीच्या कदर्यूचे आख्यान आहे. शेती-व्यापारात पैसा चिक्कार, पण माणूस असा चिक्कू की पाहुण्याला पाणी तर नाहीच, गोड शब्दही नाही. बायकामुलांना नाही, नोकराचाकरांना नाही. अहो, स्वतःच्या पोटालाही नाही. सगळे त्याला विटले. मग पैसा निघाला. काही भाऊबंदांनी नेला, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. शेवटी हा एकटा उरला आणि रडला.

येथवर ती शेजारच्या कोणत्याही गावची गोष्ट आहे. मात्र पुढचे वळण भागवतकारांचे आहे. कदर्यू रडता रडता हिशेब मांडतो, पण गेलेल्या पैशाचा नाही. धन मिळविले ते धर्माला लागले नाही आणि भोगालाही लागले नाही, देह उगीच झिजविला, एवढे तो एकदाच म्हणतो. नंतर त्याचा प्रश्न आहे की आयुष्य किती उरले? जेवढा काळ उरला असेल तेवढ्यात मी हे साधीन. त्याला खट्वांग राजा आठवतो. त्या राजाने देवांना स्वतःचे आयुष्य किती राहिले ते विचारले; उत्तर आले, एक मुहूर्त. मुहूर्त म्हणजे दोन घटका, आजच्या घड्याळाची अठ्ठेचाळीस मिनिटे. तेवढी त्याला पुरली. सत्तरीचा मनुष्य जेव्हा आमच्याकडे येऊन "आता काय उपयोग, वय झालं" म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला ही अठ्ठेचाळीस मिनिटे सांगतो.

कदर्यूचे पुढचे प्रकरण कीर्तनात फारसे सांगत नाहीत, आणि तेच अत्यंत गरजेचे आहे. तो भिक्षू झाला, गावात भिक्षेला आला. लोकांनी काय केले? ओवाळले? छे! दंड ओढला, पात्र हिसकावले, अंगावर थुंकले. म्हणाले, पैसा बुडाला, घरच्यांनी टाकले, म्हणून आता हे सोंग. पश्चात्ताप झालेल्या माणसाला जग असेच वागविते. आणि थोडे त्याचेही बरोबर आहे, त्याने वीस वर्षे जे पाहिले त्यावर ते विश्वास ठेवते. आमच्या पाहण्यात पुष्कळ लोक येथेच मागे फिरले. दारू सोडली, माळ घातली, आणि पंधरा दिवसांत बायको "बघू किती दिवस टिकतंय" म्हणाली, की याचा निश्चय ढासळला! म्हणजे माळ घातली ती कशासाठी? तिने शाबासकी द्यावी म्हणून? कदर्यूने कोणाला उत्तर दिले नाही, कोणाला दोष दिला नाही. हे लोक, देव, ग्रह, कर्म, काळ यांपैकी कोणीही माझ्या दुःखाचे कारण नाही, माझे मन आहे, असे म्हणत तो आपल्या वाटेने गेला.

याच्या उलट एक जात आहे. ती पश्चात्तापाचीच शेखी मिरविते. "पूर्वी मी कसा होतो म्हणून सांगू, महाराज!" असे म्हणत जुनी पापे इतक्या चवीने सांगतात की ऐकणाऱ्या तरुण पोरांच्या तोंडाला पाणी सुटावे. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

तुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. व्यापार बसला, दिवाळे निघाले, थोरली बायको अन्नावाचून गेली. यात त्यांचा अपराध कोणता? काही नाही. पाऊस पाडणे त्यांच्या हाती नव्हते. तरी लाज वाटली आणि जीव कष्टी झाला, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे. त्यानंतर त्यांनी काय केले याचा क्रम त्याच अभंगात आहे, तो लक्ष देऊन वाचावा. आम्ही सामान्य माणसे अशा वेळी एकदम आकाशाला हात लावणारा निश्चय करतो. तुकोबांनी पडलेले देऊळ धरले. पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ भंगले होते ते दुरुस्त करावेसे वाटले. मग एकादशीचे कीर्तन, तेही आधी अभ्यासात चित्त नसताना. मग संतांची वचने पाठ केली. आणि जे पुढे गात असतील त्यांच्यामागे ध्रुपद धरले. पाहा बरे! ज्यांच्या अभंगावाचून आज आमचे एक कीर्तन उभे राहत नाही, त्यांनी सुरुवात दुसऱ्याच्या मागे उभे राहून केली. आधी हातांना काम, मग कंठाला, आणि तेही मागच्या रांगेतले. कवित्व नंतर आले.

खतांची गोष्टही अशीच नीट समजून घेतली पाहिजे. वडिलोपार्जित सावकारीची खते निघाली तेव्हा धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांनी त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडविला, असे परंपरा सांगते. बुडविले ते येणे. देणे बुडविले नाही. भावाच्या वाट्यालाही हात लावला नाही. वैराग्याच्या भरात दुसऱ्याचे बुडविणारे पुष्कळ असतात म्हणून हे सांगावे लागते.

आता सर्वांत अवघड जागा. ज्याचे देणे तो माणूसच राहिला नाही तर?

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपण कोणी विसरणार नाही. साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. बसमधून पंढरीस गेल्या. २०२२ साली पुन्हा वाट चालू झाली तेव्हा तळावर एक मराठवाड्यातील गृहस्थ आमच्याजवळ बसले. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांचे वडील इस्पितळात गेले. आत जाऊ देत नव्हते. शेवटचे दर्शन लांबून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. "पाणी पाजायला पण मी नव्हतो, महाराज," एवढे बोलून ते गप्प झाले. आम्ही त्यांना प्रथम एवढेच सांगितले की हे पाप नव्हे. दार बंद होते, ते तुम्ही लावलेले नव्हते. पुष्कळांच्या छातीवर असे न केलेल्या गुन्ह्याचे ओझे असते, आणि ते उतरविणे हे आम्हां कीर्तनकारांचे काम आहे. पण ते गृहस्थ म्हणाले, "पाप नाही हे कळतं. पण देणं राहिलंय असं वाटतं."

हा शब्द त्यांनी अचूक वापरला. दोष नसतानाही देणे असू शकते. नारदस्मृतीत ऋणादानाच्या प्रकरणात एक नियम आहे. ब्राह्मण धनको मरण पावला आणि वंशज नसला तर ऋण त्याच्या सकुल्यांना द्यावे. ते नसतील तर बांधवांना. तेही नसतील तर इतर ब्राह्मणांना. आणि तेही न मिळाले तर पाण्यात टाकावे. नियम त्या काळच्या वर्णव्यवस्थेचा आहे, ते सोडून द्या. पण आतली बुद्धी पाहा. धनको मेला म्हणून ऋण फिटले, असे शास्त्र म्हणत नाही. आणि ते गाठोडे घरात ठेवून रोज त्याच्याकडे बघत बसा, असेही म्हणत नाही. ते कोणाला तरी पोहोचले पाहिजे. घराबाहेर पडले पाहिजे.

ही गोष्ट त्यांना सांगितली. पुढच्या वर्षी भेटले तेव्हा कळले की दर गुरुवारी रात्री ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जातात. ज्यांच्याजवळ कोणी नाही अशा रुग्णांना पाणी देतात, घरी फोन लावून देतात, चहा आणून देतात. तिथल्या नर्सबाईंनी आधी दोनदा हाकलले होते म्हणे. वडिलांची आठवण येते का, असे आम्ही विचारले. म्हणाले, "येते की. पण आता आली म्हणजे काम सुचतं."

राहिले जिवंत धनको. त्यांच्या बाबतीत पळवाट फार. मनूने चोरीचे प्रायश्चित्त सांगताना, घेतलेली वस्तू परत करून मग कृच्छ्र करावे असे म्हटले आहे. आधी परत, मग व्रत. आमच्या लोकांना व्रत चालते, परत करणे जड जाते. चंद्रभागेत बुडी मारली, माळ जपली, अन्नदान केले, सर्व केले. ज्याचे घेतले त्याच्या दारी मात्र जायचे नाही!

एका दिंडीत दोन भाऊ चालत. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेथे लहानथोर पाहत नाहीत, ही आपली रीत. हे दोघे दिंडीतल्या सर्वांच्या पाया पडत आणि एकमेकांसमोर यायची वेळ आली की रांग बदलत. बावीस वर्षे हे चालले होते. कारण बांध. थोरल्याने धाकट्याचा बांध कोरला होता, दर नांगरणीला थोडा थोडा. एका कीर्तनानंतर थोरला मागे राहिला. म्हणाला, "महाराज, लई वाईट वाटतंय. यंदा दोन एकादश्या निर्जळी धरतो."

आम्ही म्हणालो, "एकादशी धरा, पण आधी बांध सोडा."

"सोडला तर तो बोलंल का माझ्याशी?"

"ते त्याच्याकडे. तुमच्याकडे बांध आहे."

त्यास वाईट वाटले असावे, कारण पुढे चारपाच महिने काही कळले नाही. मग त्यांच्याच दिंडीच्या विणेकऱ्यांनी सांगितले की थोरल्याने पदरचे पैसे भरून सरकारी मोजणी मागविली, खुणेचे दगड होते तेथे परत रोविले आणि नांगराची दोन तासे जमीन मागे दिली. मोजणीच्या दिवशी धाकटा आला, लांब उभा राहिला, कागदावर सही केली आणि काही न बोलता गेला. घरच्यांनी थोरल्याला वेड्यात काढले. आषाढीला दोघे त्याच दिंडीत होते. रांगा अजून वेगळ्याच आहेत. त्या दोन तासांत धाकट्याने यंदा तूर पेरली आहे.